जालन्याची काळी मशीद

जालना शहरातील काळी मशीद निजामशाहीच्या उत्तरकाळातली. मलिक अंबरच्या अमदानीत येथील कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने ती बांधली. मशिदीसमोर घडीव दगडांची सराई आहे. दूरच्या वाटसरूंना आणि व्यापाऱ्यांना तिथे मुक्काम करता येई.

जमशेदखानाचे खरे मोठे काम मात्र पाण्याचे. त्याने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून ते पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. यांतला सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. नमाजापूर्वी वजू करायला, म्हणजे हातपाय आणि तोंड धुवायला, मशिदीजवळ पाणी लागतेच. पण या योजनेने मशिदीसोबत सराईची आणि शहराचीही तहान भागवली. सुमारे साठ किलोमीटरवरच्या खडकीत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने नहर खोदली, तीही अशीच उताराच्या बळावर वाहणारी.

जालन्यातील मस्तगड किल्ला नंतरचा, निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या काळात 1725 साली पूर्ण झालेला. मुंबई-नांदेड लोहमार्गावर जालना स्थानक आहे. मशीद पाहताना मोती तलावही अवश्य पाहावा. त्याखेरीज जमशेदखानाची नगररचना पुरती उमगत नाही.