काळीचा दगड

वस्तुसंग्रहालयाला आपल्याकडे पूर्वी ‘अजबखाना’ म्हणत असत. शब्द मोठा बोलका आहे. जेथे अजब वस्तू पाहावयास मिळतात ती जागा, एवढाच त्याचा अर्थ. पेंढा भरलेला वाघ, गंजलेल्या तलवारी, न वाचता येणारी नाणी यांच्यासमोरून माणसे रांगेने जावयाची, क्षणभर नवल करावयाची आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडावयाची. हा शब्द आता मागे पडला. परंतु त्याने सुचविलेली पाहण्याची रीत काही अद्याप गेलेली नाही. ज्या दगडाविषयी मी आज बोलणार आहे, त्याच्यासमोरूनही माणसे अशीच पुढे जातात. वास्तविक तो दगड आपल्याला थांबण्याची आज्ञा करीत असतो.

हा दगड बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाच्या ठेव्यातला आहे. मराठी माणसाला बंगळूर परके नाही. शहाजीराजांचे वास्तव्य १६३८ नंतर या शहरी होते, आणि त्यांच्या मागून व्यंकोजीराजांनीही येथून कारभार पाहिला. आज मात्र आपण त्याहूनही सात शतके मागे जाणार आहोत. कब्बन पार्कच्या कडेला, कस्तुरबा रोडवर, तांबड्या रंगाची जी जुनी इमारत दिसते ती या संग्रहालयाची. संग्रहालयाची स्थापना १८६५ सालची. इमारत १८७७ ची. स्थापनेचा पुढाकार एडवर्ड बाल्फोर नावाच्या एका शल्यवैद्याचा. याच गृहस्थाने त्यापूर्वी, १८५१ मध्ये, मद्रासचे संग्रहालय उभे केले होते. म्हैसूरचे तत्कालीन मुख्य आयुक्त बाउरिंग यांचे पाठबळ त्याला येथे लाभले. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी उघडले, आणि पॅरिसच्या लूव्ह्र राजवाड्यातील कलासंग्रह राज्यक्रांतीने १७९३ मध्ये सर्वांना खुला केला. त्या लाटेचे पाणी शंभर वर्षांच्या आत असे आपल्या दारी आले.

या संग्रहालयातील शिलालेखांत एक शिळा आतकूर या गावची आहे. हे गाव मंड्य जिल्ह्यात, मद्दूरच्या बाजूला. शिळेवर एक कुत्रा आणि एक रानडुक्कर परस्परांशी झुंजत आहेत. त्यांच्या भोवती जुन्या कन्नड लिपीत लेख कोरलेला आहे. पाहणारा म्हणतो, शिकारीचे चित्र दिसते. आणि पुढे सरकतो. परंतु हा वीरगळ आहे. रणात पडलेल्या वीरासाठी जसा दगड उभारतात, तसा तो एका मुक्या जनावरासाठी उभारलेला आहे.

लेखाचा काळ इ. स. ९४९-५० चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण त्या वेळी दक्षिणेत अजिंक्य होता. ज्या घराण्याने वेरूळचे कैलास लेणे कोरविले, त्याच घराण्यातील हा राजा. त्याने चोळांवर स्वारी केली, आणि आजच्या तमिळनाडूत अरक्कोणमजवळ तक्कोलम येथे मोठे युद्ध झाले. चोळ राजपुत्र राजादित्य त्यात मारला गेला. लेखाप्रमाणे त्याला मारणारा कृष्णाचा मांडलिक, गंग राजा बूतुग. संतुष्ट झालेल्या सम्राटाने बूतुगाला बनवासी बारा हजार, बेळवोल तीनशे, पुरिगेरे तीनशे असे प्रांतामागून प्रांत दिले. हे आकडे त्या काळी प्रांतांच्या नावांनाच जोडलेले असत.

याच युद्धात बूतुगाच्या पदरचा मणलेर नावाचा एक योद्धा पराक्रमाने लढला. स्वामी प्रसन्न झाले आणि म्हणाले, काय हवे ते माग. जेथे प्रांत वाटले जात होते, तेथे या माणसाने मागितले काय? काळी नावाचे एक उत्तम शिकारी श्वान! ते त्याला मिळाले. पुढे बेळतूर गावाच्या टेकडीवर त्याने ते एका मोठ्या रानडुकरावर सोडले. दोघे भिडले, आणि दोघांनी एकमेकांचा प्राण घेतला. मणलेराने आतकूरच्या चल्लेश्वराच्या देवळासमोर हा दगड उभारला आणि त्याच्या नावाने जमीन लावून दिली.

साम्राज्याच्या मोठ्या युद्धाची आणि एका कुत्र्याच्या मरणाची हकीकत येथे एकाच दगडावर, एकाच गंभीर भाषेत लिहिलेली आहे. इतिहासकारांना या लेखाचे महत्त्व वाटले ते युद्धामुळे. फ्लीटसारख्या विद्वानाने ‘एपिग्राफिया इंडिका’त तो प्रसिद्ध केला आणि राष्ट्रकूट, चोळ व गंग यांच्या कालगणनेचा एक पक्का खुंटा त्यामुळे हाती आला. परंतु ज्याने दगड उभारला त्याला त्या कालगणनेशी कर्तव्य नव्हते. त्याला काळीचे नाव राहावयास हवे होते. ते राहिले, आणि त्याच्या आधाराने सम्राटाच्या विजयाचा पुरावाही राहिला.

आता मी ज्या आज्ञेचा उल्लेख केला तिच्याकडे वळतो. लावून दिलेली ती जमीन सांभाळणाऱ्या पुजाऱ्याला लेखात ‘गोरव’ म्हटले आहे. आपल्या ‘गुरव’ शब्दाची आठवण व्हावी असाच हा शब्द. लेख सांगतो की, या दगडाची पूजा केल्यावाचून जो गोरव जेवील, त्याला त्या श्वानाचे पाप लागेल. म्हणजे रोज एकदा, पानावर बसण्यापूर्वी, कोणीतरी या दगडाकडे जावे आणि त्याची आठवण करावी, अशी तरतूद मणलेराने करून ठेवली.

ही अट वाचली की मन थोडे अस्वस्थ होते. तो दगड आता चल्लेश्वरासमोर नाही. त्याच्यापुढे फूल पडत नाही. आपण त्याला उन्हापावसापासून वाचविले, विद्वानांच्या हाती दिले. पण ज्या एका गोष्टीसाठी तो घडविला गेला होता, तीच त्याच्यापासून हिरावून घेतली असे तर झाले नाही ना? जगातील प्रत्येक वस्तुसंग्रहालयाला आज हाच प्रश्न विचारला जात आहे. ईस्टर बेटावरून १८६८ मध्ये इंग्रज नाविकांनी नेलेला एक भव्य पाषाणपुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये उभा आहे. तो परत मिळावा म्हणून त्या बेटावरील लोकांचे एक शिष्टमंडळ २०१८ मध्ये लंडनला गेले. त्यांच्या दृष्टीने ती कलाकृती नव्हे. तो त्यांचा पूर्वज आहे.

तेव्हा सारे दगड जेथल्या तेथेच असावेत, असे म्हणावे काय? बंगळूरच्याच परिसरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. शहराच्या दक्षिणेला बेगूर नावाचे जुने गाव आहे. आता ते शहरातच मिसळले आहे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी तेथे नागत्तर नावाचा गंगांचा सरदार होता. तो लढता लढता पडला, त्या लढाईचा वीरगळ हत्ती, घोडे आणि खड्गधारी वीर यांनी गजबजलेला असून तो याच संग्रहालयात आला. नागत्तराच्या परिवारातील एका वीराचा दगड मात्र बेगूरच्या नागेश्वर मंदिराच्या आवारातच राहिला. तो वीर कोठे पडला? लेख म्हणतो, बेंगळूरच्या लढाईत. उकडलेल्या शेंगांच्या गावावरून शहराला नाव पडले, अशी होयसळ राजा बल्लाळाची जी गोष्ट सांगतात, तिच्या कितीतरी आधी हे नाव दगडावर कोरले गेले होते! एकाच घरचे हे दोन दगड. एक जतन केलेला पण घरापासून दुरावलेला. दुसरा घरी राहिलेला, पण इतके मोठे नाव पोटात घेऊनही पुष्कळ काळ उपेक्षेत पडलेला. केवळ जागच्या जागी राहण्याने स्मृती टिकत नाही, हेच तो दुसरा दगड सांगतो.

आपल्या महाराष्ट्राचाही अनुभव निराळा नाही. ‘वीरगळ’ हा शब्द आपण कन्नडमधूनच घेतला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. गावोगावी मारुतीच्या देवळामागे किंवा वेशीवर हे दगड उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि शेवटी चंद्रसूर्य. मुंबईत बोरिवलीच्या एकसर गावात तर नौकायुद्ध कोरलेले शिलाहारकालीन वीरगळ आहेत. कित्येक गावांत अशा दगडाला शेंदूर लागला, त्याचा म्हसोबा किंवा वेताळ झाला. पूजा चालू राहिली. वीर मात्र विसरला गेला. आणि कित्येक ठिकाणी याच दगडांवर धुणी धुतली गेली किंवा ते विहिरीच्या बांधकामात गेले. म्हणजे, शेंदराखाली नाव बुजते आणि काचेमागे नाते तुटते.

मला असे वाटते की, दगड कोठे आहे यापेक्षा त्याचे कोणी काही लागते की नाही, हा खरा प्रश्न आहे. २०१८ मध्ये बंगळूरच्या हेब्बाळ भागात आठव्या शतकातील एक शिलालेख सापडला. कित्तय्य नावाच्या वीराचा तो वीरगळ. तेथील काही नागरिकांनी त्याचा ध्यास घेतला, आणि तो कोठेही हलू न देता त्याच्यासाठी जवळच एक मंडप उभा केला. त्या नागरिकांपैकी कोणी कित्तय्याचा वंशज म्हणवीत नव्हता. तो आपल्या वस्तीतला पहिला नाव ठाऊक असलेला मनुष्य, एवढेच नाते त्यांना पुरले. उलटपक्षी, संग्रहालयातही नाते जोडता येते. अमेरिकेत न्यूअर्कच्या संग्रहालयाने आपल्या तिबेटी संग्रहासाठी एक बौद्ध वेदी उभारली, आणि १९९० मध्ये दलाई लामांनी तिची विधिपूर्वक प्रतिष्ठापना केली. वस्तू संग्रहालयात आली म्हणजे तिचे जुने जीवन संपलेच पाहिजे, असा नियम नाही.

आणि पुण्याचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, दौती, अडकित्ते, दरवाजे असा सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह केला. त्या संग्रहालयाला त्यांनी नाव दिले ते बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. शनिपाराच्या परिसरातला तो सारा वाडा म्हणजे एका पित्याने उभारलेला वीरगळच म्हणा ना! मणलेराने एका दगडावर जे केले तेच केळकरांनी वीस हजार वस्तूंनी केले. एक नाव जाऊ नये, म्हणून सारा खटाटोप. संग्रहालयाचा उगम असा कोठेतरी माणसाच्या मायेत असतो. नोंदवही आणि क्रमांक हे मागाहून येतात.

म्हणून संग्रहालयांकडे आपण एक गोष्ट हक्काने मागावयास हवी. ‘वीरगळ, दहावे शतक, आतकूर’ एवढ्या चार शब्दांच्या पाटीने त्यांचे कर्तव्य संपू नये. बी. एल. राइस यांनी म्हैसूर राज्यातले सुमारे नऊ हजार लेख वाचून, छापून ठेवले. अलीकडे बंगळूरच्या मिथिक सोसायटीने शहर-परिसरातील शिलालेखांच्या त्रिमितीय संगणकीय प्रती घेण्याचे काम हाती घेतले आहे. विद्वानांनी आपले काम केले आहे. उरते ते काम साध्या पाहणाऱ्यापर्यंत तो लेख त्याच्या भाषेत पोहोचविण्याचे. कन्नड, मराठी, तमिळ बोलणारे मूल त्या दगडासमोर उभे राहिले तर त्याला कोणीतरी सांगावयास हवे की, बाळ, या कुत्र्याचे नाव काळी. आणि एका माणसाला प्रांतापेक्षा ते अधिक मोलाचे वाटले होते.

परंतु सगळेच मागणे संग्रहालयाकडे करून आपल्याला मोकळे होता येणार नाही. गोरवाची ती जमीन आज राहिली नाही, त्याची वृत्तीही नाही. त्याचे कर्तव्य मात्र कोणाकडे तरी आलेच पाहिजे. ते आता पाहणाऱ्याकडे आले आहे. पूजा म्हणजे तरी काय? दुसरी सारी कामे बाजूला ठेवून काही क्षण एकाच गोष्टीकडे मन लावणे. एका दुपारी शंभर वस्तू पाहून थकण्यापेक्षा एकाच वस्तूसमोर पाव तास उभे राहावे, तिचे नाव विचारावे, ती कोणासाठी केली होती हे समजून घ्यावे. मणलेराने घातलेली अट तेवढ्याने काही अंशी पाळली जाईल.

आपण कधी बंगळूरला गेलात, तर त्या तांबड्या इमारतीच्या वाटेला अवश्य जा, आणि आतकूरच्या दगडाची चौकशी करा. मात्र एक ध्यानात ठेवा. आधी काळीची भेट घ्या आणि मग जेवावयास जा. तिच्या धन्याची तशी इच्छा होती.