हृदयाच्या आलेखांतील एक दुर्लक्षित लाट

हृदयाचा विद्युत्‌-आलेख, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘कार्डिओग्राम’, पुष्कळ घरांतून औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर जपून ठेवलेला असतो. त्यावरून हृदयविकाराचा झटका ओळखतां येतो, हें बहुतेकांना ठाऊक आहे. पण रक्तांतील पोटॅशियम घटलें, तर त्याची चाहूलही त्याच रेघेंत लागूं शकते, हें मात्र थोड्यांनाच माहीत असतें.

लायडन येथील प्राध्यापक आइन्टहोव्हन यांनीं या रेघेंतील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी अशीं नांवें दिलीं. १९२४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. ठोका देऊन हृदय पुन्हां पूर्वस्थितीवर येतें, तेव्हां टी लाट उमटते. तिच्यामागून कधीं कधीं यू नांवाची एक इवलीशी लाट येते. निरोगी माणसांत तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. पोटॅशियम कमी होऊं लागलें कीं टी बसत जाते, तिच्या आधींची रेघ खालीं झुकते आणि यू डोकें वर काढते. पुढें ती टीपेक्षांही उंच होते. दोघी एकमेकींत मिसळल्या, म्हणजे नवशिका यूलाच टी समजतो. सुनेला सासू समजण्यासारखाच हा प्रकार! चूक क्षुल्लक नव्हे, कारण याच अवस्थेंत हृदयाचे ठोके एकाएकीं बेताल होऊन प्राणावर बेततें.

ही घट होते ती बहुधा वांतीजुलाबांनीं किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनीं. इन्शुलिनही पोटॅशियमला रक्तांतून पेशींत ढकलतें. मधुमेहजन्य विषारावस्थेवर उपचार चालूं असतांनाच पोटॅशियम घटल्याची हकीगत १९४६ सालीं अमेरिकेंतील डॉ. होलर यांनीं प्रसिद्ध केली. रोग हटत असतां अंगांतील, प्रसंगीं श्वासाचेही, स्नायू लुळे पडावेत, हा विलक्षणच विपर्यास.

तथापि केवळ आलेखावर विसंबणें बरें नव्हे. दर लिटर रक्तद्रवांत ३.५ ते ५ मिलिमोल हें सामान्य प्रमाण. तें उतरूनही रेघ निर्दोष दिसूं शकते. निर्णय रक्ततपासणीनेंच करावा. घरच्या घरीं शहाळ्याचें पाणी पाजून भरपाई करण्याची घाईही नको. मूत्रपिंडें दुर्बळ असल्यास पोटॅशियम उलट अति होतें, आणि मग टी लाट उंच व टोकदार बनते. शिरेवाटे तें द्यावयाचें, तर विरळ करून, सावकाश. इतकें करूनही पातळी वर येईना, तर वैद्य मॅग्नेशियम तपासतात. तें अपुरें असेल तर दिलेलें पोटॅशियम लघवीवाटे निघून जातें.