रक्त देणाऱ्या सहा जणी



साथीच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या बाईची कारकीर्द म्हटली की पदव्या, पुरस्कार डोळ्यांपुढे येतात. त्या कारकिर्दीला रक्त कोण पुरवतं, हे आज बोलू या.

डॉ. सुनीती सोलोमन मद्रासच्या गायतोंडे या मराठी कुटुंबातल्या. १९८६ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. आपल्याकडे एड्स येणारच नाही, असा तेव्हा बहुतेकांचा समज. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ६ जणींना एचआयव्हीची लागण आढळली. हा विषाणू भारतात आहे, हे देशाला कळलं ते या बायांमुळे.

सुनीतीताईंचं नाव झालं, निर्मला बराच काळ विस्मृतीत राहिल्या. आणि त्या सहा जणी? नावं गुप्त राहिली, ते योग्यच. पण नमुने घेतले त्यांतल्या अनेकजणी सुधारगृहात कोंडलेल्या. ‘नको’ म्हणायची मोकळीक त्यांना कितीशी असणार?

सुनीतीताईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने केंद्र काढलं आणि इतरांनी झिडकारलेल्या रुग्णांवर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत उपचार केले. माझ्या लेखी त्यांची खरी कारकीर्द ती.

उद्या आपल्या वस्तीत कोणी रक्ताचा नमुना मागायला आलं, तर विचारा: तपासणी कसली? निकाल आम्हाला सांगणार का? औषध मिळणार का? उत्तर मिळाल्याशिवाय हात पुढे करू नका.