आधी तपासणी, मग तिकीट

आमच्या गटातली एक सूनबाई आठव्या महिन्यात चार दिवस काठमांडूला निघाली होती. विमानाची तिकिटं काढून झालेली. आम्ही म्हटलं, आधी दवाखान्यात चल. रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी प्रवास थांबवला. सासूबाई हळहळल्या, "पैसे बुडाले." पण आज बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

प्रकृती ठणठणीत असेल तर जाता येतं. मात्र २८ आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात. ३६ आठवड्यांनंतर बहुतेक नेत नाहीत. म्हणून परतीचा दिवसही मोजा. तपासणीचं कार्ड जवळ ठेवा. प्रवासात पाणी प्या, अधूनमधून पाय मोकळे करा. आणि लक्षात ठेवा, सीमेपलीकडे आपली १०८ येत नाही.