ईस्ट हार्लेमचे हेडमास्तर

1896 साली दक्षिण इटलीतल्या आविल्यानो गावचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर न्यूयॉर्कला उतरला. वडील आधीच जाऊन तिथल्या ईस्ट हार्लेम वस्तीत राहिले होते. मुलाचं नाव लिओनार्दो कोव्हिएलो. शाळेतल्या शिक्षिकेला आडनाव नीट उच्चारता येईना, म्हणून तिने मधलं 'आय' हे अक्षर परस्पर गाळून टाकलं. प्रगतिपुस्तक घरी आलं तेव्हा वडिलांनी विचारलं, ते अक्षर गेलं कुठे? पोराला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. नवं आडनाव जास्त अमेरिकन होतं!

हाच मुलगा पुढे लिओनार्ड कोव्हेलो या नावाने मोठा शिक्षणतज्ज्ञ झाला. घरच्या ओढाताणीमुळे शाळा सोडून नोकरी, मग पुन्हा शाळा, आणि अखेर पुलित्झर शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ. 1958 सालच्या आत्मचरित्रात त्यांनी बालपणाबद्दल फार कठोर शब्द लिहिले आहेत. आपल्याच आईबापांची लाज बाळगायला शिकणं, हीच अमेरिकन होण्याची रीत होती, असं ते म्हणतात. आईवडिलांनी शाळेकडे फिरकू नये, यासाठी मुलं धडपडत.

ही लाज मुलं जन्मतः घेऊन आली नव्हती. ती शाळेत लागली. मग ती घालवण्याची जबाबदारीही शाळेचीच, हे कोव्हेलोंनी ओळखलं, आणि त्यांचं खरं मोठेपण इथेच आहे. डीविट क्लिंटन शाळेत शिकवताना त्यांनी इटालियन भाषेचे वर्ग उभे केले. पालकांनी मुलांना त्या वर्गाला घालावं म्हणून ते आणि त्यांचे सहकारी घरोघर फिरले. स्वतःचीच भाषा शाळेत शिकण्याजोगी आहे, हे आधी पालकांनाच पटवावं लागत होतं. 1922 साली न्यूयॉर्कच्या शाळांत इटालियनला फ्रेंच-जर्मनच्या बरोबरीचं स्थान मिळालं.

याच्या तुलनेत आपल्या मराठीचं पाहा. अमेरिकेत आज मराठी शाळा भरतात त्या बहुतेक शनिवार-रविवारी, पालकांच्या स्वयंसेवेवर. तिथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने त्यांना अभ्यासक्रम दिला, हे काम मोलाचंच. पण नेहमीच्या शाळेच्या वेळापत्रकात घरच्या भाषेला तास मिळाला, की वर्गातली इतर मुलंही तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

1934 साली कोव्हेलो ईस्ट हार्लेमच्या बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे पहिले मुख्याध्यापक झाले. शाळेची दारं त्यांनी वस्तीला उघडून दिली. वस्ती मात्र बदलत होती. 1945 च्या शरदात इटालियन आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये मारामाऱ्या झाल्या, तेव्हा मुलांची समजूत घालायला गायक फ्रँक सिनात्रा या शाळेत आला. त्याचे आईवडीलही इटलीहूनच आलेले. मागोमाग प्वेर्तो रिकोची कुटुंबं मोठ्या संख्येने वस्तीत आली. कालचे उपरे आता जुने रहिवासी झाले होते आणि स्वतः कधी काळी झेललेल्या नजरेनेच नव्यांकडे पाहत होते. 1956 साली निवृत्त झाल्यावर कोव्हेलोंनी या स्पॅनिश बोलणाऱ्या नव्या कुटुंबांसाठी काम केलं.