पाण्याचा आधार
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



नोकरीची बहुतेक वर्षं मी हवाई दलात डॉक्टर होतो. तिथे डॉक्टरचं काय काम, असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. म्हणून थोडं त्याबद्दलच बोलतो.

लढाऊ विमान वेगात वळतं, तेव्हा वैमानिकाच्या शरीराचं वजन पाच-सहा पट होतं. हाडं ते सोसतात, अडचण रक्ताची. हृदयाला मेंदूपर्यंत साधारण फूटभर उंच रक्त चढवावं लागतं. तेच पाचपट जड झालं की ते पोटात आणि पायांत साठतं. आधी नजर धूसर होते, मग काळोख, मग शुद्ध जाते. विमान एकट्याच्या हाती असेल, तर काही सेकंदांत सगळं संपतं.

उपाय सापडला टोरंटोत. विल्बर फ्रँक्स हे कॅन्सरवर संशोधन करत. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवताना त्यांच्या काचेच्या नळ्या फुटायच्या. नळी पाण्याच्या बाटलीत ठेवून फिरवली, की टिकायची.

का? राधानगरी धरणाची भिंत तळाला जाड का, हे आपण शाळेत शिकलोय. खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो. फिरताना आतला द्रव जड होतो, तसं बाहेरचं पाणीही. आतून जेवढा रेटा, बाहेरून जवळपास तेवढाच आधार. माणसाच्या रक्तवाहिन्यांनाही हेच लागू.

फ्रँक्स यांनी पाणी भरलेला सूट केला. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत ब्रिटिश नौदलाच्या वैमानिकांनी तो वापरला. १९५८ मध्ये अमेरिकेत फ्लॅनगन ग्रे स्वतः पाण्याच्या टाकीत बसले आणि ३१ पटींहून अधिक भार त्यांनी पाच सेकंद सोसला.

पण फुफ्फुसात हवा असते. ती पाण्यासारखी नाही, दाबली जाते. तिथे पाण्याचा आधार कमी पडतो. शिवाय पाण्याचा सूट जड आणि गरम. म्हणून आजचे सूट हवेने फुगून पाय आणि पोट आवळतात. जोडीला पैलवानासारखे पोट-मांड्या घट्ट करून श्वास धरायचं तंत्र शिकावं लागतं. बंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत सेंट्रिफ्यूजवर त्याचा सराव होतो.

सरावात शुद्ध हरपलेली पोरं खाली मान घालून बाहेर येत. मी त्यांना सांगायचो, "बाळा, यात भित्रेपणा नाही. हा रक्ताच्या वजनाचा हिशेब आहे, आणि तो शिकता येतो." तुमच्या घरातलं कुणी या वाटेला जाणार असेल, तर त्यालाही हे जरूर सांगा.