तपासणीच्या दिवशी सुट्टी

(भिवंडीत तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



माझ्या आईला वर्षातून एक-दोनदाच सुट्टी मिळायची. दिवाळीला नाही, चौदा एप्रिलला नाही. तपासणीच्या दिवशी.

ती कचऱ्याच्या डेपोवर वेचायला जायची. गाव कुठलं ते सांगत नाही, तिथं अजून आपली माणसं पोट भरतात. आदल्या संध्याकाळी मुकादम यायचा. म्हणायचा, "बायांनो, उद्या कुणी फिरकायचं नाही. साहेब येणार हायेत." दुसऱ्या दिवशी कचऱ्यावर मातीचा थर पडायचा. वर पांढरी पावडर. ठेकेदाराच्या आठ-दहा माणसांना नवे हातमोजे, नवे बूट. साहेबाची जीप यायची, अर्ध्या तासानं जायची. संध्याकाळी हातमोजे मोजून परत घेतले जायचे. आणि आमच्या घरी त्या रात्री चूल पेटायची नाही. कारण सुट्टीचा पगार साहेबाला मिळतो, वेचणाऱ्या बाईला नाही.

एकदा आईच्या तळपायात इंजेक्शनची सुई घुसली. पाय सुजून भोपळा झाला. मी शाळकरी पोरगा, गेलो मुकादमाकडं. त्यानं हजेरीचं बुक उघडलं, बोट फिरवलं. "तुझ्या आईचं नाव कुठंय यात?" नाव नव्हतं. बाई कामावरच नाही, तर अपघात कामावर कसा होईल? त्या दिवशी मला लेखणीची ताकद कळली. ती मारत नाही, शिवी देत नाही. नुसतं लिहीत नाही.

मी आज इथं रडायला आलेलो नाही, हिशेब मांडायला आलोय. शहराच्या कचऱ्यासाठी सरकारचा पैसा येतो, त्याबरोबर परवाने येतात, तपासणी येते. त्यात आपण कुठं आहोत?

आधी कायदा. कचऱ्याच्या प्रश्नावर १९९६ साली सुप्रीम कोर्टात याचिका गेली. त्यातून २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम निघाले. नगरपालिकांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र घ्यायचं, ३१ डिसेंबर २००३ पर्यंत कचऱ्यावर प्रक्रिया करायची सोय उभी करायची. तारीख गेली, डोंगर राहिले. मग २०१६ साली दुसरे नियम आले. त्या नियमांत रोज पाच टनांच्या वर कचरा हाताळणाऱ्या केंद्राला मंडळाची परवानगी लागायची. भरावाची जागा नदीपासून १०० मीटर, वस्ती, तळं, विहीर, हमरस्ता यांच्यापासून २०० मीटर लांब असावी लागायची. दर वर्षी अहवाल द्यावा लागायचा. अपघात झाला तर त्याचा वेगळा फॉर्म होता. आणि नीट ऐका, कामगाराला गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट, मास्क द्यायचे, हेही त्याच नियमांत छापलं. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, हेही छापलं.

म्हणजे कायद्याच्या पुस्तकात आपण आलो. मग डेपोवर का नाही?

त्यासाठी पैशाकडं बघा. स्वच्छ भारतचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. आकडा केवढा? १,४१,६०० कोटी. एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांना घनकचऱ्याच्या कामात केंद्राचा वाटा ३३ टक्के ठरला. भिवंडी त्यातच बसली, २०११ च्या जनगणनेत इथं सात लाखांच्या वर माणसं होती. शिवाय १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधून टाकला. त्यातला अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी.

पैसा बांधला, चांगलं झालं. पण कशाला बांधला? टनाला. जुना डोंगर किती उपसला, गाड्या किती फिरल्या, शहराला तारे किती मिळाले. तारे द्यायला बाहेरची एजन्सी येते, तारा मिळाला की चौकात होर्डिंग लागतं. माझं म्हणणं साधं आहे. पैसा जे मोजतो तेच तपासलं जातं. संध्याकाळी हातमोजे काढून घेतले म्हणून कुठल्या नगरपालिकेचा हप्ता अडला, असं मी तरी ऐकलेलं नाही.

भिवंडीकरांना हे शिकवायला नको. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की कारखाना धरला जायचा. मग मागांच्या शेडचे तुकडे पडले. छप्पर एक, नावं चार. दहावा कामगार कागदावर कधी सापडलाच नाही. चाविंद्र्याच्या डम्पिंगवरून जाताना तुम्ही नाकाला रुमाल लावता. तिथं रुमालाशिवाय राबणारं कोण, ते एकदा थांबून विचारा. नाव विचारा, गाव विचारा, जात विचारा. सफाईच्या कामात आपल्याला राखीव जागा मागाव्या लागल्या नाहीत. त्या मनूनंच देऊन ठेवल्यात.

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच साली मुंबईचा देवनार डेपो सुरू झाला. पाण्याचा हक्क आपण लढून मिळवला, उकिरडा मात्र न मागता पदरात पडला. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं, दिवसच्या दिवस धूर. पुढच्याच महिन्यात मुंबई हायकोर्टानं कचऱ्याच्या नियमांवर बोट ठेवून मुंबईतल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. बिल्डरांची झोप उडाली! म्हणजे परवानगीला दात असतात, मित्रांनो. प्रश्न एवढाच, की ते आपल्यासाठी कधी वापरले जातील.

आपोआप कधीच नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचणाऱ्या बायांनी आधी ओळखपत्र मिळवलं, मग २००८ साली 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था घेऊन महापालिकेशी करार केला. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं कोर्टात झगडला, तेव्हा २०१७ साली सुप्रीम कोर्टात २,७०० कंत्राटी कामगार कायम ठरले. दोन्हीकडं पहिली लढाई एकच होती. यादीत नाव आणा.

म्हणून आपल्या मागण्या तीनच. एक, डेपोच्या अधिकारपत्राला तिथं राबणाऱ्या प्रत्येकाची यादी जोडा, वेचणाऱ्यांसकट. दोन, तपासणी न कळवता करा, काम चालू असताना करा, आणि साहेबाबरोबर कामगारांचा माणूस चालू द्या. तीन, अनुदानाचा हप्ता टनाबरोबर हातमोज्यांना, बुटांना, औषधपाण्यालाही बांधा. दिले नाहीत, हप्ता नाही.

आणि मागणी करून घरी झोपायचं नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा हातात आहे. तो फक्त झेरॉक्स मागायचा कायदा नव्हे. सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा, नमुना घ्यायचा हक्क त्यात लिहिलाय. दहा रुपयांचा स्टॅम्प लावा. अधिकारपत्र मागा, वर्षाचा अहवाल मागा, तपासणीचा शेरा मागा, अपघाताचे फॉर्म मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की तो कागद घेऊन डेपोवर जा आणि तिथल्या बायांना वाचून दाखवा. कागदात लिहिलेले बूट त्यांच्या पायात आहेत का ते बघा. नसतील तर मोर्च्याचा विषय शोधत हिंडायला नको.

आई आता थकलीय. त्या पायानं अजून लंगडते. निघताना तिला सांगितलं, भिवंडीला चाललोय, तपासणीवर बोलायला. ती म्हणाली, "सांग पोरांना, त्या दिवशी बायांनी घरी बसू नये म्हणावं."

तिचा निरोप पोचवला. पुढची तपासणी होईल तेव्हा डेपोच्या गेटवर भेटू.